जुडी खाली ठेवली

"मंजू, कोनाचा व्हय थो मेसेज?"

आत्याने विचारलं तेव्हा तिच्या दोन्ही हातांत सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, ओल्या जुड्या होत्या. फोन तराजूशेजारी पोत्यावर पडलेला. थरथरला आणि गप्प झाला. मी उचलला, वाचला.

"गिऱ्हाइकाचा असन," मी म्हटलं.

"गिऱ्हाइकाचा असता तं तू असं तोंड केलं नसतं. वाच."

मी आजूबाजूला पाहिलं. सकाळचे नऊ. डाव्या हाताला जगदेवकाका लसणाच्या पाकळ्या मोकळ्या करत बसलेले, उजवीकडे नाली, समोरून बाया पिशव्या घेऊन जात होत्या. मी आवाज बारीक केला.

"उद्या पाच तारखेले तीनशे नव्याण्णव कटन म्हणते. पुनर्जोड."

आत्याने जुड्या खाली ठेवल्या नाहीत. तशीच धरून राहिली. पाणी साडीवर टपकत होतं.

"उद्या तं फोन दादाजवळ राहीन."

"हौ."

"पोहरादेवीले."

"हौ म्हटलं ना!" मी खेकसले. चूक माझी होती, म्हणूनच जास्त खेकसले.

दुपारी एक वाजता बाबा येणार होते. रामनवमीच्या यात्रेला टरबुजं आणि काकड्यांचा टेम्पो घेऊन ते चार दिवस पोहरादेवीला बसणार. फोन आणि स्कॅनरची पाटी त्यांच्यासोबत जाणार. आमच्या घरात पैशाचा फोन एकच. सकाळी तो आत्यासोबत वाशिमच्या बाजारात येतो, कारण गिऱ्हाईक "टाकले" म्हणतं आणि टाकलेले नसतात, ते पाहावं लागतं. दुपारी परत बाबांच्या खिशात जातो. नंबर बाबांचा, खातं बाबांचं, पाटीवर नाव भगवंतराव. दुकानावर बसते आत्या. चौदा वर्षं झाली.

आत्याचं नाव रत्नमाला. एकोणीस वर्षांची असताना तिला अनसिंगला दिलं होतं. तीन वर्षांत नवरा वारला, विहिरीवर मोटर काढताना करंट लागून. दिवस झाले आणि बाबा तिला घेऊन आले. तिची पेटी अजून आमच्या मागच्या खोलीत आहे, त्यावर आई कांदे वाळवते. आत्या पहाटे चारला उठते, पालक कापते, जुड्या बांधते, साडेसहाच्या ऑटोने बाजारात येते. तिच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे, असं मलाही वाटायचं.

जानेवारीत एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी फोनवर रील पाहत होते, तर मध्येच जाहिरात आली. पुनर्जोड. दुसऱ्या लग्नाचं ॲप. एक बाई हळदीचा हात दाखवत म्हणत होती, पहिला महिना फक्त एक रुपयात. मी हसले आणि पुढे सरकवणार, तर आत्या म्हणाली, "थांब. पाहू दे."

मी तिच्याकडे पाहिलं. ती वांगी पुसत होती. पुसलेलीच पुन्हा पुसत होती.

"टाकू का तुह्यं नाव?"

"चूप बस."

पण "नको" म्हणाली नाही. मला तेवढं पुरे असतं. शाळा मी अशीच सोडली. मास्तर म्हणाले जायचं तर जा, मी उठून आले.

फोटो माझ्या मावसबहिणीच्या लग्नातला लावला. त्यातून बाकीच्यांना कापलं, तरी आत्याच्या खांद्यावर एक हात उरलाच. माझा होता. एक रुपया भरायला पिन लागला. तो मला माहीत होता. बाबा पिन टाकताना तळहात आडवा धरतात, बँकेतल्या साहेबांनी तसं शिकवलंय. पण टाकताना ओठ हलवतात. आठ, एक, एक, सहा. मी दोन वर्षांपासून वाचत होते.

हिंगोलीकडचा एक माणूस आठ दिवस लिहीत राहिला. जेवण झालं का. काय केलं आज भाजीला. आत्या मला सांगायची आणि मी टाइप करायचे. ती हसायची तेव्हा तोंडावर पदर घ्यायची, जसं काही तो समोर बसलाय. नवव्या दिवशी त्याने विचारलं, तुमच्या नावावर जमीन किती. आत्याने खरं ते सांगितलं, काहीच नाही. मग त्याचं जेवण झालं की नाही ते काही कळलं नाही.

"काढून टाक थे," आत्या म्हणाली.

मी ॲपवर बोट दाबून धरलं, फुली आली, काढून टाकलं. आम्हाला वाटलं, संपलं. पाटी उतरवली की दुकान बंद, तसं.

पाच मार्चला बाजारात बसलो असताना पैसे कटल्याचा मेसेज आला तेव्हा कळलं की ॲप काढलं तरी ते मेलेलं नसतं. खात्याला दात लावून बसलेलं असतं. वरून व्हॉट्सॲपवर येणं सुरू झालं. "रत्नमाला, तुमच्यासाठी तीन नवीन स्थळं!" खाली मिशीवाल्यांचे फोटो. हे मेसेज कधीही यायचे. फोन संध्याकाळी बाबांच्या खिशात. आत्या जेवताना त्या खिशाकडे पाहत राहायची. घास तोंडाशी जायचा आणि खिसा वाजला की थांबायचा. मी काही तरी निमित्त करून फोन मागायचे, पुसून टाकायचे. असा महिना काढला.

आता चार दिवस निमित्त करायला मी तिथे नसणार होते.

"आता तुले चार तास हायेत," आत्या म्हणाली. "तू लावलं, तूच काढ."

मी ॲप पुन्हा घेतलं. आत गेले. सुरू करायला एक बोट लागलं होतं. बंद करायचं सापडेना. सेटिंग, मग मदत, मग माझं सदस्यत्व, मग पार खाली, मुंगीएवढ्या अक्षरात: रद्द करा. दाबलं. पडदा गुलाबी झाला. "थांबा, रत्नमाला! सात जण तुमची वाट पाहत आहेत." खाली मोठं बटण, "मी थांबते." त्याच्या खाली राखाडी, दिसेल न दिसेल असं, "तरीही पुढे जा."

पुढे गेले. का सोडताय, म्हणे. जोडीदार मिळाला. पैसे जास्त वाटतात. आता इच्छा उरली नाही.

"काय दाबू?"

आत्याने तिन्ही कारणं ऐकली. एका बाईला अर्धा किलो वांगी मोजून दिली. मग म्हणाली, "यातलं एकबी नाई."

एकबी नाही हा पर्याय नव्हता. मी मधलं दाबलं. तर म्हणे, आमचे प्रतिनिधी आपल्याला फोन करतील.

फोन आला साडेदहाला, ऐन गर्दीत. आमच्या फोनचा कानाचा आवाज कधीचाच गेलाय. जे काय ऐकायचं ते स्पीकरवर.

"नमस्कार, पुनर्जोडमधून रीता बोलतेय. रत्नमालाजींशी बोलू शकते का?"

आत्याने फोन पदरात गुंडाळला आणि त्यावर वाकली. "बोला. मीच."

"पालक कसा लावला?" समोरून एक बाई.

"धाच्या दोन."

"मॅडम, आपण सेवा रद्द करण्याची विनंती केलीय. आपल्याला मनासारखा जोडीदार मिळाला का?"

पदरातूनही ते लख्ख ऐकू आलं. पालकवाली बाई जुडी हातात घेऊन तशीच उभी. जगदेवकाकांची पाकळी सोलता सोलता थांबली.

"नाई," आत्या म्हणाली.

"मग रद्द का करताय मॅडम? आपल्या प्रोफाइलला सात जणांची पसंती आहे. खास आपल्यासाठी पुढचे दोन महिने अर्ध्या किमतीत देऊ शकते."

"अर्ध्या भावात मीबी देतो पालक. संध्याकाळी. सुकला राह्यते म्हून."

"मॅडम, या वयात सोबत असणं फार—"

मी फोन ओढून घेतला. "ओ बाई, बंद करा म्हटलं ना! एक रुपया घेतांनी एक बोट लागलं, अन् निंघाले चार दारं कायले? ग्राहकाच्या हेल्पलाइनले तक्रार करीन मी तुमची!"

"जरूर करा मॅडम, तो आपला हक्कच आहे," ती म्हणाली, इतक्या गोड आवाजात की फोन नालीत फेकावासा वाटला. "पण तक्रारीला दिवस लागतात. आपला हप्ता उद्या आहे."

आत्याने माझ्या हातातून फोन घेतला. या वेळी पदरात धरला नाही. मोकळा धरला, तोंडासमोर.

"बाई, ऐक. मी भाजी विकतो. बाया येतात, जुडी उचलतात, उलटीपालटी करतात, वास घेतात. मंग खाली ठेवतात अन् चालल्या जातात. मी त्यायले हाका मारून इचारत नाई, काहून ठेवली म्हून. त्यायची मर्जी. ठेवली, झालं. तसी मी ठेवून राह्यली. तू काहून इचारतं?"

पलीकडे शांत झालं. तेव्हा मागचे आवाज ऐकू आले. वीस-पंचवीस पोरी असतील. सगळ्या एकच वाक्य बोलत होत्या, मागेपुढे. जोडीदार मिळाला का. जोडीदार मिळाला का.

मग रीताचा आवाज एकदम खाली आला.

"ताई, माझ्यासमोर बंद करायचं बटणच नाहीये. मला थांबवायलाच बसवलंय. तुमचे पैसे ज्या ॲपमधून जातात ना, त्यात ऑटोपे म्हणून असतं. तिथून तुम्हीच तोडून टाका. आम्हाला विचारायचं कामच नाही." आणि लगेच पहिल्यासारखी गोड, "आपला दिवस शुभ असो मॅडम."

पालकवाली बाई दोन जुड्या घेऊन गेली. आत्या जगदेवकाकांकडे पाहत नव्हती. काकांनी तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"लय खराब झालं वो नेटवर्क आजकाल," ते लसणाला म्हणाले. "आपल्याले तं काईच आयकू येत नाई."

ऑटोपे सापडलं. पुनर्जोड, चालू. पुढचा हप्ता उद्या. खाली लाल अक्षरात, रद्द करा. मी आत्याला दाखवलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती हसली. मी दाबलं. पिन मागितला.

आठ, एक, एक, सहा.

चुकीचा पिन.

"नीट टाक. घाई करत राह्यतं."

मी एकेक आकडा दाबला, तोंडाने म्हणत.

चुकीचा पिन. एक प्रयत्न शिल्लक.

तिसरा चुकला की दिवसभरासाठी सगळं बंद पडतं. मी तरी टाकणार होते, बाबांचं जन्मसाल टाकून पाहणार होते, पण आत्याने माझं मनगट पकडलं. तिचा हात गार आणि ओला होता. ती पडद्यावरची एक ओळ पाहत होती. आकडे तिला वाचता येतात.

"मंजू, याच्यात हप्ते दोन काहून हायेत? आपल्याले तं मार्चचाच मालूम."

मी पाहिलं. पाच फेब्रुवारी. पाच मार्च.

फेब्रुवारीतला मेसेज आम्ही पाहिलाच नव्हता. तो संध्याकाळी आला असणार. फोन जिथे असतो तिथे.

"अन् पिनबी बदलला त्यानं," आत्या म्हणाली.

"बाबा मले मारतीन."

"तुह्यं नाव येनार नाई."

"पिन तं मीनंच—"

"येनार नाई म्हटलं ना."

त्यानंतर तिने दोन तास भाजी विकली. रोज विकते तशीच. टोमॅटो मोजताना एक जास्तीचा टाकला, म्हातारीने सुटे नाहीत म्हटलं तर उद्या द्या म्हटलं. फोन मांडीखाली ठेवला होता. मला वाटत होतं, आता उठून पळावं दोघींनी, ऑटोत बसावं. पण ऑटो फिरून आमच्याच मळ्यापाशी येते.

बाबा एकला दहा कमी असतानाच आले. धुतलेला सदरा, खांद्यावर दुपट्टा. टेम्पो कोपऱ्यावर उभा होता.

"आन फोन, रत्ना. ड्रायव्हर बोंबलून राह्यला."

आत्या उठून उभी राहिली. बाबांशी ती नेहमी बसूनच बोलते, हात भाजीत ठेवून. आज उभी राहिली आणि फोन त्यांच्यासमोर धरला.

"दादा, याच्यातलं एक बंद करून दे मले."

बाबांना चष्म्याशिवाय दिसत नाही. चष्मा सदऱ्याच्या खिशात होता. तो त्यांनी काढलाच नाही.

"मले मालूम हाय," ते वांग्यांकडे पाहत म्हणाले.

"कवापासून?"

"पयल्या हप्त्यापासून."

"मंग बोलला काहून नाई?"

"काय बोलू? बहीण व्हय तू. असं कसं इचारू?" त्यांनी दुपट्टा एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. "म्हटलं, पाहून राह्यली तं पाहू दे. उज्ज्वलालेबी सांगतलं मी. थेबी म्हणे, राहू द्या चालू. जमलं तं जमलं."

आईलाही माहीत होतं. परवा आई आत्याला म्हणाली होती, उन्हात बसत नोको जाऊ वो, काळी पडून राह्यली. आत्या किती खूश झाली होती. रात्री मला दोनदा सांगितलं, वहिनी आज मायेनं बोलली.

आत्यालाही तेच आठवलं असणार. तिचं तोंड मी पाहिलं. नुसतं बंद झालं, शटर खाली ओढावं तसं.

"म्हंजे तू पैसे भरून राह्यला," ती म्हणाली, "मी जावं म्हून."

"तसं नाई वो, रत्ना. तुह्यं चांगलं व्हावं म्हून."

"मयनाभर मी घास गिळून राह्यली होती, तुले कळन म्हून. अन् तुमाले साऱ्यायले मालूम होतं."

कोपऱ्यावरून टेम्पोचा हॉर्न वाजला.

"अजून दोन मयने राहू दे," ते हळू आवाजात म्हणाले. "मी भरतो ना. चारशे रुपयानं काय होते? एखांदं स्थळ—"

"बंद कर, दादा."

"पाय, वय—"

"बंद कर."

बाबांनी फोन घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. "तवा पिन कोनी टाकला होता?"

"म्या," आत्या म्हणाली.

तिला पिन टाकता येत नाही. बाबांना माहीत आहे, तिला पडदा नीट सरकवतासुद्धा येत नाही. ते तिच्याकडे पाहत राहिले. मग आम्हा दोघींकडे पाठ केली, तळहात आडवा धरला आणि आकडे दाबले. मी वाकून पाहिलं. या वेळी त्यांचे ओठ हलले नाहीत. घट्ट मिटलेले होते.

चौदा वर्षं. त्या फोनमध्ये आलेला एकेक रुपया तिच्या हातच्या जुडीचा. मला ओरडावंसं वाटलं. आत्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"घे. झालं बंद," बाबांनी पडदा दाखवला. एक हिरवी खूण होती. आत्याने मान हलवली.

त्यांनी फोन खिशात टाकला, काठीला बांधलेली स्कॅनरची पाटी सोडवली, दुपट्ट्यात गुंडाळली. दोन पावलं गेले, परत आले. "ऊन लय झालं. सावलीत बसत जा." मग ओशाळल्यासारखे झाले, कारण हे वाक्य आता त्यांनाही धड बोलता येत नव्हतं. टेम्पो गेला.

आत्या खाली बसली. पाटीच्या जागी नुसती काठी उभी होती. पालकाच्या बारा-तेरा जुड्या उरल्या होत्या, उन्हाने मान टाकलेल्या.

एक बाई आली. पायात नवीन चप्पल, हातात फोन तयार. "स्कॅनर कुठं आहे?"

"नाई बाई. चार रोज रोखच."

बाईने तरी एक जुडी उचलली. उलटीपालटी केली. नाकाशी नेली. मग खाली ठेवली आणि पुढे चालायला लागली.

मी उठलेच. "ओ बाई! काहून—"

आत्याचा हात माझ्या मांडीवर पडला. जड होता.

तिने ती जुडी उचलली. दोन पिवळी पानं होती, ती खुडली. दोरा सैल झाला होता, तो दातांनी धरून पुन्हा आवळला. तांब्यातलं उरलेलं पाणी तिच्यावर शिंपडलं आणि जुडी परत पुढच्या ओळीत ठेवली, जिथे होती तिथेच.

"पालक घ्या, पालक," तिने आवाज दिला. "धाच्या दोन."